मासळीचे घरगुती जेवण आणि पांढरी वाइन

'मासळीबरोबर पांढरी वाइन आणि मटणाबरोबर लाल' हा नियम आता आपल्याकडेही अनेकांच्या परिचयाचा झाला आहे. नाशिक परिसरात वाइननिर्मिती स्थिरावल्यानंतर ही बाटली हॉटेलांपुरती मर्यादित राहिली नाही. पाहुणे येणार असतील, एखादा वाढदिवस असेल, तर काही घरांत ती जेवणाच्या टेबलावरही दिसू लागली. मात्र हा नियम ज्या स्वयंपाकघरात जन्मला, तेथे कोकम नाही, नारळाचे वाटण नाही, तिरफळ नाही आणि सगळे पदार्थ एकाच ताटात वाढण्याची रीतही नाही. त्यामुळे नियम जसाच्या तसा पाळला, तर पुष्कळदा निराशाच पदरी पडते. बाजारातून निवडून आणलेले ताजे पापलेट आणि तितकीच महाग वाइन ही दोन्ही एकमेकांची चव मारतात आणि 'आपल्या जेवणाला वाइन चालतच नाही' असा निष्कर्ष काढला जातो.

हा निष्कर्ष पूर्णपणे खरा नाही. मासळी कोणती यापेक्षा तिला काय लावले आहे, ती कशात शिजली आहे आणि ताटात ती केव्हा येते, यावर हा मेळ अवलंबून असतो. त्यामागील कारणे आणि साध्या घरगुती जेवणासाठी त्यांचा होणारा उपयोग यांची माहिती येथे दिली आहे.

नियमाचे मूळ

पांढरी वाइन आणि मासळी यांची जोडी प्रामुख्याने युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर रूढ झाली. फ्रान्समध्ये लुआर नदीच्या मुखाजवळील नांत शहराच्या परिसरात मस्कादे ही हलकी, आंबटसर वाइन होते आणि ती तेथील कालवांबरोबर घेतली जाते. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातील अल्बारिन्यो आणि पोर्तुगालच्या उत्तर भागातील व्हिन्यो व्हेर्दे या वाइनही अशाच समुद्रकाठच्या जेवणाच्या सोबती आहेत. या सर्व ठिकाणी मासळी उकडून, भाजून किंवा लोणी अथवा ऑलिव्ह तेलात परतून, मीठ आणि लिंबू लावून खाल्ली जाते. मसाला जवळजवळ नसतोच. शिवाय पदार्थ एकामागून एक वाढले जातात. मासळीची बशी समोर असते तेव्हा वाइनला फक्त त्या मासळीशीच जुळवून घ्यावे लागते.

आपल्या ताटाची रचना वेगळी आहे. तळलेली तुकडी, कालवण, भात, भाकरी, कांदा, लिंबू आणि सोलकढी हे सारे एकाच वेळी समोर असते. एका घोटाला इतक्या चवींना सामोरे जावे लागते. त्यामुळे युरोपातील नियम आपल्या ताटाशी पडताळूनच वापरावा लागतो.

मासळी, आंबट आणि लोह

समुद्रातील माशांच्या शरीरात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्य असते. मासा मेल्यानंतर जीवाणूंच्या क्रियेने त्यापासून ट्रायमिथाइलअमाइन तयार होते आणि आपण ज्याला 'हिवस वास' म्हणतो तो प्रामुख्याने त्याचाच असतो. हे द्रव्य अल्कधर्मी आहे. आम्लाशी संयोग झाला की त्याचे क्षारात रूपांतर होते आणि ते हवेत उडून नाकापर्यंत पोहोचत नाही. कापलेल्या तुकड्यांना लिंबाचा रस, कोकमाचे आगळ किंवा चिंचेचा कोळ लावून ठेवण्याच्या आपल्या परंपरागत पद्धतीमागे हेच रसायन आहे. पांढऱ्या वाइनमधील आंबटपणा घासाबरोबर तेच काम करतो.

गोड्या पाण्यातील माशांत हे द्रव्य अत्यल्प असते. तथापि रोहू, कटला अशा माशांना कधी कधी चिखलासारखा वास येतो. तो मुख्यतः जिओस्मिन या द्रव्यामुळे येतो आणि तेही आम्लात टिकत नाही. म्हणूनच विदर्भातील नदी-तलावांच्या मासळीलाही चिंचेचा किंवा लिंबाचा हात लागतो.

लाल वाइन मासळीबरोबर का नको, याचे कारण अनेक वर्षे केवळ तिच्यातील तुरट द्रव्यांमध्ये, म्हणजे टॅनिनमध्ये, शोधले जात असे. २००९ साली जपानमधील एका वाइन कंपनीच्या संशोधकांनी ६९ वाइन स्कॅलॉप या शिंपल्याच्या मांसाबरोबर चाखून पाहिल्या. ज्या वाइनमध्ये फेरस स्वरूपातील लोह अधिक होते, त्यांच्याबरोबर तोंडात हिवस चव अधिक रेंगाळत असल्याचे त्यांना आढळले. लोह बांधून ठेवणारे द्रव्य मिसळल्यावर ती चव कमी झाली. लाल वाइनमध्ये लोहाचे प्रमाण सामान्यतः जास्त असते. मात्र एखाद्या पांढऱ्या वाइनमध्येही ते जास्त असू शकते. त्यामुळे पांढरी वाइन म्हणजे हमखास यश, असे मानता येत नाही.

पांढरी वाइन म्हणजे नेमके काय

लाल वाइन द्राक्षांच्या सालींसह आंबवली जाते. रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे दाबून रस आधीच वेगळा काढतात आणि थंड तापमानात तो आंबवतात. त्यामुळे तुरटपणा जवळजवळ नसतो, तर फळाचा सुगंध आणि आंबटपणा टिकून राहतो. मद्यार्काचे प्रमाण बहुधा १२ ते १३ टक्क्यांच्या आसपास असते.

रसातील सर्व साखर आंबली तर वाइन 'ड्राय' होते. युरोपीय नियमांनुसार लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत, आणि आंबटपणा पुरेसा असल्यास त्याहून थोडी अधिक, साखर असलेली वाइन ड्राय म्हणवली जाते. काही साखर मुद्दाम शिल्लक ठेवली तर ती 'ऑफ-ड्राय' किंवा 'सेमी स्वीट' होते. 'लेट हार्वेस्ट' असे लिहिलेली बाटली उशिरा तोडलेल्या, अधिक पिकलेल्या द्राक्षांची व बरीच गोड असते. ती जेवणानंतरच्या गोड पदार्थासोबत घ्यावयाची असून मासळीबरोबर उपयोगी नाही. बाटली खरेदी करण्यापूर्वी लेबलवरील हे शब्द वाचणे म्हणूनच आवश्यक ठरते.

नाशिकची द्राक्षे

भारतातील आधुनिक वाइनउद्योगाची सुरुवात १९८०च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे झाली. १९८८ साली कर्नाटकात नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी ग्रोव्हर व्हाइनयार्ड्स सुरू झाली. नाशिकमध्ये सुला व्हाइनयार्ड्सच्या पहिल्या वाइन २००० साली बाजारात आल्या. सोव्हिन्यों ब्लां आणि शेनां ब्लां या दोन पांढऱ्या द्राक्षजातींपासून त्या केलेल्या होत्या. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले आणि त्यानंतर नाशिक, दिंडोरी, निफाड या परिसरात अनेक वाइनरी उभ्या राहिल्या. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक निर्देशनही मिळाले आहे.

येथील द्राक्षशेतीचे चक्र युरोपाहून वेगळे आहे. उष्ण प्रदेशात वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. उन्हाळ्यात, साधारण एप्रिलमध्ये, खरड छाटणी होते आणि पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गोडी छाटणी होते. काढणी मुख्यतः जानेवारी ते मार्च या काळात चालते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील नाशिकच्या थंड रात्री द्राक्षांतील आंबटपणा टिकवण्यास साहाय्यभूत ठरतात. मासळीसोबतच्या वाइनला नेमका हाच गुण हवा असतो.

मूळची लुआर खोऱ्यातील शेनां ब्लां ही जात येथे चांगली रुजली. दुकानात तिला बहुधा 'चेनिन ब्लांक' म्हणतात. तिला पिकलेल्या पेरूची, अननसाची आठवण करून देणारा वास असतो आणि बाजारातील तिच्या अनेक बाटल्यांत किंचित गोडवा राखलेला असतो. सोव्हिन्यों ब्लां अधिक आंबट आणि तिखट वासाची असते. तिच्या वासात ढोबळी मिरची किंवा नुकत्याच कापलेल्या गवताचा भास होतो. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारी पायराझिन वर्गातील द्रव्येच या द्राक्षातही आढळतात. कोथिंबीर आणि हिरवी मिरची वाटून लावलेल्या मासळीशी तिचे सूत जुळते ते यामुळेच.

चार चवींचा विचार

घरगुती मासळीच्या पदार्थाकडे वाइनच्या दृष्टीने पाहताना चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट आंबट. पदार्थ वाइनपेक्षा अधिक आंबट असेल तर वाइन बेचव, पाणचट लागते. तुकड्यांना लिंबू किंवा आगळ लावून मुरवले असेल तर अडचण नसते. मात्र तळलेल्या तुकडीवर पुन्हा भरपूर लिंबू पिळले, तर वाइनसाठी काही काम उरत नाही. या जेवणात वाइनच लिंबाची जागा घेते.

दुसरी गोष्ट तिखट. मिरचीतील कॅप्सेसिन आणि मद्यार्क हे दोन्ही तोंडातील उष्णता जाणवणाऱ्या एकाच ग्राहीवर परिणाम करतात. त्यामुळे तिखट कालवणावर वाइनचा घोट घेतला की आग शमण्याऐवजी वाढते. मद्यार्क जितका जास्त, तितका हा त्रास अधिक. थोडा गोडवा असलेली थंड वाइन ही आग काही अंशी सौम्य करते.

तिसरी गोष्ट स्निग्धता. तळणीचे तेल, बांगडा किंवा तारली यांसारख्या माशांची चरबी, नारळाचा रस यांमुळे जिभेवर थर बसतो. आंबट वाइन तो थर धुऊन काढते आणि पुढचा घास पुन्हा ताजा लागतो. मीठही वाइनचा आंबटपणा सौम्य करते. म्हणून खरपूस, खारट तळलेली तुकडी आणि आंबटसर वाइन यांचा मेळ सहज जमतो.

चौथी गोष्ट सुगंधी मसाला. तिरफळ जिभेला बधिर करते, खडा गरम मसाला वाइनचा नाजूक वास झाकून टाकतो आणि कच्च्या कांद्याचा उग्रपणा घोटानंतरही तोंडात राहतो. अशा वेळी वाइन वाईट नसते, पण ती जाणवतच नाही.

कोणत्या पदार्थाबरोबर काय

हळद, मीठ आणि लिंबू लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर तळलेले पापलेट, मुडदुशे किंवा रावस हा पांढऱ्या वाइनसाठी सर्वांत अनुकूल पदार्थ होय. मासा सौम्य, मसाला कमी, वरचे आवरण कुरकुरीत. याच्यासोबत ड्राय सोव्हिन्यों ब्लां निःशंकपणे निवडावी. सुरमईची तुकडी अधिक घट्ट मांसाची असते. तिलाही हीच वाइन चालते. लाल तिखट थोडे अधिक असेल तर शेनां ब्लां बरी.

रवा लावून तळलेले बोंबील बाहेरून कुरकुरीत आणि आतून अतिशय मऊ असतात. त्यांच्याबरोबर बुडबुड्यांची, म्हणजे स्पार्कलिंग वाइन उत्तम लागते. लेबलवर 'ब्रूट' असा शब्द असावा. त्याचा अर्थ साखर कमी असा आहे.

आले-लसूण, कोथिंबीर आणि हिरवी मिरची यांचे वाटण लावलेल्या मासळीला सोव्हिन्यों ब्लां शोभते. मिरची मात्र बेताची हवी. कोळंबीला स्वतःची गोडी असल्याने लसणीवर परतलेल्या साध्या कोळंबीबरोबर शेनां ब्लां जुळते.

नारळाच्या रसातील सौम्य, पिवळ्या कालवणाला थोड्या भरीव वाइनची गरज असते. व्हियोनिये किंवा शार्दोने या जातींच्या, लाकडी पिंपाचा वास फार न लागलेल्या वाइन येथे चालतील. त्या न मिळाल्यास शेनां ब्लां आहेच.

गोव्यातील ख्रिस्ती घरांत होणारे कालदीन या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. पोर्तुगीज भाषेत 'काल्दिन्यो' म्हणजे लहानसा रस्सा. हळद, जिरे, धणे आणि नारळाचे दूध यांचा हा पिवळा, कमी तिखट रस्सा मासळी वा कोळंबी घालून करतात. १५१० ते १९६१ या दीर्घ काळात पोर्तुगीज संपर्कामुळे गोव्यात जेवणासोबत वाइन घेण्याची रीत काही घरांत रुळली आणि कालदीनसारखे पदार्थ त्या रीतीशी सहज जुळतात. त्याउलट व्हिनेगर आणि लाल मिरच्यांचे वाटण भरलेला रेशाद बांगडा किंवा आंबट तीक हे पदार्थ इतके आंबट-तिखट असतात की त्यांच्यापुढे साधी ड्राय वाइन टिकत नाही.

मालवणी तिखले, तिरफळ घातलेले बांगड्याचे हुमण, सुके बोंबील, सुकट आणि जवळा यांच्याबरोबर वाइनचा आग्रह धरू नये. हे पदार्थ स्वतःच परिपूर्ण आहेत. त्यांना भात आणि सोलकढी याखेरीज कशाची अपेक्षा नसते.

क्रम बदलला की मेळ बसतो

वरील विवेचनावरून एक व्यावहारिक तोडगा निघतो. संपूर्ण ताटाशी जुळणारी वाइन शोधण्यापेक्षा ताटातील एका भागाला वाइनची सोबत द्यावी. तळलेली तुकडी प्रथम, स्वतंत्रपणे वाढावी. तिच्यासोबत काकडीच्या चकत्या आणि हवी असल्यास तांदळाची भाकरी द्यावी. भाकरीची चव सौम्य असल्याने ती घासाघासांमध्ये जीभ स्वच्छ करते. कच्चा कांदा आणि लिंबाच्या फोडी या वेळी बाजूला ठेवाव्यात. वाइनचा पेला याच टप्प्यावर संपवावा.

त्यानंतर भात, कालवण आणि सोलकढी वाढावी. कोकमाचा आंबटपणा, लसूण आणि नारळाचे दूध असलेली सोलकढी आणि वाइन एकाच वेळी घेतल्यास दोन्हींची चव बिघडते. एकामागून एक घेतल्यास दोन्ही आपापल्या जागी शोभतात. यासाठी स्वयंपाकात कोणताही बदल करावा लागत नाही. बदलतो तो फक्त वाढण्याचा क्रम. तळण गरम असतानाच खाल्ले जाते, हा त्याचा आणखी एक लाभ. मात्र तळणाऱ्या व्यक्तीलाच सर्वांचे होईपर्यंत चुलीपाशी उभे राहावे लागणार नाही, याची काळजी घरातील इतरांनी घ्यावी. तुकड्या दोन तव्यांवर तळल्या तर सर्वांना एकत्र बसता येते.

चौघांसाठी एक साधे जेवण

मध्यम आकाराची दोन पापलेटे किंवा सुरमईच्या आठ तुकड्या घ्याव्यात. स्वच्छ धुऊन, निथळून त्यांना अर्धा चमचा हळद, चवीपुरते मीठ, एका लिंबाचा रस आणि एक चमचा आले-लसणाचे वाटण लावावे. लाल तिखट अर्ध्या चमच्यापेक्षा अधिक नसावे. १५ ते २० मिनिटांहून जास्त वेळ मुरवत ठेवू नये, कारण आंबटाने मांस घट्ट होऊ लागते. तांदळाचे पीठ आणि बारीक रवा समप्रमाणात मिसळून त्यात तुकड्या घोळवाव्यात. तवा चांगला तापल्यावर थोड्या तेलात मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी सोनेरी होईपर्यंत तळाव्यात. तुकडी तव्यावर ठेवल्यावर ती सारखी हलवू नये, अन्यथा आवरण सुटते.

७५० मिलिलिटरच्या एका बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच पेले होतात. चौघांसाठी एक बाटली पुरेशी आहे.

बाटलीची निवड आणि जपणूक

आपल्याकडे वाइन बिघडण्याचे मोठे कारण उष्णता हे आहे. दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात उभी असलेली बाटली कितीही नामांकित असली तरी घेऊ नये. थंड, सावलीच्या जागेतील किंवा शीतकपाटातील बाटली मागावी. लेबलवर काढणीचे वर्ष दिलेले असल्यास ते पाहावे. साध्या, ताज्या पांढऱ्या वाइन एक-दोन वर्षांत संपवणे इष्ट. त्या ठेवल्याने सुधारत नाहीत. पेल्यात ओतल्यावर रंग तपकिरीकडे झुकलेला दिसला आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा शिळा वास आला, तर वाइन बिघडली असे समजावे. तळाशी साखरेच्या कणांसारखे पारदर्शक स्फटिक दिसल्यास घाबरण्याचे कारण नाही. ते द्राक्षातील टार्टारिक आम्लाचे क्षार असून निरुपद्रवी असतात. बुचाऐवजी फिरकीचे झाकण असणे हेही हलक्या दर्जाचे लक्षण नव्हे. ताज्या पांढऱ्या वाइनसाठी ते सोयीचे आहे.

पांढरी वाइन ८ ते १० अंश सेल्सिअसला चांगली लागते. घरातील फ्रिजचे तापमान बहुधा ४-५ अंश असते, म्हणून बाटली वाढण्यापूर्वी १० ते १५ मिनिटे बाहेर काढून ठेवावी. फार थंड वाइनचा वास कळत नाही आणि कोमट वाइनमध्ये मद्यार्काचा चटका पुढे येतो. घाई असल्यास बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात बाटली २० मिनिटे ठेवावी. पेल्यात बर्फ घालू नये. पाय असलेला काचेचा पेला असल्यास उत्तम, नसल्यास साधा स्वच्छ पेलाही चालतो. उरलेली वाइन झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते.

ताजी मासळी आणि हंगाम

वाइन कितीही चांगली निवडली तरी शिळ्या मासळीवर इलाज नाही. डोळे चमकदार व फुगीर, कल्ले लाल, अंग घट्ट आणि वास समुद्राच्या पाण्यासारखा असेल तर मासा ताजा समजावा. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै या काळात, तर पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून या काळात बंदी असते. या दिवसांत बाजारात शीतगृहातील मासळी अधिक असते. पुढे श्रावणात अनेक घरे मत्स्याहार वर्ज्य करतात आणि नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करून नव्या हंगामाचे स्वागत करतात. हिवाळ्याचे महिने अशा जेवणास अधिक अनुकूल ठरतात.

दिल्ली, भोपाळ किंवा इंदूर अशा समुद्रापासून दूरच्या शहरांतील मराठी कुटुंबांना गोठवलेली मासळी वापरावी लागते. ती रात्रभर फ्रिजमध्ये सावकाश वितळवावी, सुटलेले पाणी टाकून द्यावे आणि तुकड्या कोरड्या करून मगच मुरवाव्यात. गोड्या पाण्यातील ताजा रोहू मिळत असेल, तर हळद-मीठ-लिंबू लावून तळलेली त्याची तुकडीही ड्राय वाइनबरोबर चांगली लागते.

कायदा आणि आरोग्य

मद्यविषयक कायदे हा राज्यांचा विषय असल्याने खरेदी, परवाना आणि किमान वय यांचे नियम सर्वत्र सारखे नाहीत. गुजरातमध्ये राज्याच्या स्थापनेपासून, तर बिहारमध्ये २०१६ पासून दारूबंदी आहे. महाराष्ट्रातही वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत बंदी लागू आहे. बडोद्यातील किंवा वर्ध्यातील वाचकांनी आपल्या भागातील नियम लक्षात घेणे आवश्यक आहे.

वाइन सौम्य असली तरी ती मद्यच आहे. १२ टक्के मद्यार्काच्या १५० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्णतः सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. गर्भवती स्त्रिया, यकृताचे विकार असलेल्या व्यक्ती, नियमित औषधे घेणारे आणि वाहन चालवून घरी जाणारे पाहुणे यांनी ती घेऊ नये. जे घेत नाहीत त्यांना आग्रह करू नये. ते जेवणातील काही गमावत आहेत, असेही मानू नये. थंड, आंबटसर, अंगावर न येणारे पेय मासळीचा स्वाद खुलवते, हे तत्त्व कोकणातील घरांनी सोलकढीच्या वाटीत फार पूर्वीच ओळखले होते. कोकम सरबताचा थंड पेलाही तळलेल्या तुकडीची तितकीच चांगली सोबत करतो.

संक्षेपाने

- मासळीच्या जातीपेक्षा मसाला, आंबट, तिखट आणि तेल यांचा विचार करून वाइन निवडावी.
- कमी मसाल्याच्या तळलेल्या मासळीसाठी ड्राय सोव्हिन्यों ब्लां, थोड्या तिखट किंवा नारळाच्या पदार्थासाठी शेनां ब्लां आणि रवा बोंबलांसाठी ब्रूट स्पार्कलिंग वाइन घ्यावी.
- तळलेली तुकडी आधी वाढावी आणि वाइन तिच्यासोबतच संपवावी. कालवण-भात आणि सोलकढी नंतर वाढावी.
- तिरफळ, सुकी मासळी आणि झणझणीत तिखले यांच्याबरोबर वाइन टाळावी.
- बाटली उन्हातली किंवा फार जुनी नसावी. ती ८ ते १० अंश तापमानाला वाढावी.